लग्न झालेल्यांची रांग

पासिंग मासळीवाली बांगुस मासा साफ करत होती. पोट फाडू की सारण भरायला अख्खा ठेवू, असं ती विचारत होती, तेवढ्यात दिविनाचा फोन वाजला. मनिलापासून दूर, दुसऱ्या बेटावरच्या ला पाझच्या बाजारात सकाळी एवढा गलका असतो की एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानात बोट घालावं लागतं. फोन धाकट्या बहिणीचा होता, कॅलिफोर्नियातून. ही आर्लिनची फोन करायची वेळ नव्हती. तिकडे या सुमाराला दुपार कलत असते आणि ती आईला भरवायला बसलेली असते. "मानांग," आर्लिन म्हणाली. लहानपणापासून ती थोरलीला याच नावानं हाक मारायची.  मग ती म्हणाली, "मानांग, नानाय गेली. आत्ताच. सूप पाजत होते मी तिला." पासिंगची सुरी खवल्यांवरून खरखरत होती. दोन-तीन खवले उडून दिविनाच्या मनगटाला चिकटले, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा : म्हणजे अर्जही गेला.

विचार नीट शब्दांत आला होता, हेच तिला पुढे कित्येक दिवस खुपत राहिलं. धक्का बसला की माणसाला काही सुचत नाही म्हणतात. तिला सुचलं होतं, आणि ते अगदी स्वच्छ सुचलं होतं. कुणा शांत स्वभावाच्या बाईनं तिच्या कानाशी वाकून सांगावं तसं. आधी अर्ज आणि मग आई. "ऐकतेयस ना गं?" आर्लिन विचारत होती. "ऐकतेय," दिविना म्हणाली, आणि पासिंगकडे वळून म्हणाली, "पोट फाड." आई गेल्याचं कळल्यावर तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. पासिंगनं मासा फाडला, आतडी बोटानं ओढून बादलीत टाकली, आणि तिचा चेहरा पाहून विचारलं, "काय झालं गं इंदाय, पोरी? कुणाचा फोन?" दिविनानं सांगितलं. पासिंगनं ओल्या हातानंच क्रूसाची खूण केली, मासा पिशवीत घातला आणि पैसे घ्यायला नको म्हणाली. दिविनानं तरी ते फळीवर ठेवले. बाई मागून काही बोलत होती, बहुतेक आईबद्दलच, कॉन्सोर्सियाबद्दल, किती देखणी होती, कशी ताठ चालायची. पासिंग आईला ओळखत होती, याचं दिविनाला त्या गर्दीत नवल वाटलं.

जीपनीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मागच्यांचं भाडं हातोहात पुढे येत होतं. तीही ते घेत होती, पुढे देत होती, सुटे मागे पोचवत होती. मांडीवर बांगुसची पिशवी गार लागत होती. तिकडे अजून काल होता. आई मंगळवारी गेली होती आणि इथे बुधवार उजाडून चांगला वर आला होता. म्हणजे काल संध्याकाळी आपण कपडे वाळत घालत होतो तेव्हा आईचा मंगळवार उजाडलाही नव्हता. दोन्ही गावांतल्या या अंतराची इतक्या वर्षांत तिला सवय झाली होती. पण आज त्याचा हिशेब लागेना. आता रडायला हवं, असं तिनं मनाशी म्हटलं. पण रडू जिथून यायचं तिथे तो पहिला विचार पाय पसरून बसला होता आणि हलायला तयार नव्हता.

ती वीस वर्षांची असताना आईनं दोघी बहिणींना आपल्याकडे नेलं होतं. कॉन्सोर्सिया तिकडच्या एका रुग्णालयात नर्स होती, आणि बाप बोनिफासियो एक हिवाळा काढून, हाडांत धुकं शिरतंय म्हणून परत आला होता तो आलाच. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीच्या त्या उतारावर सगळी घरं एकमेकींना खांदे लावून उभी होती आणि दुपारी समुद्रावरून धुकं चढायचं. दिविनानं तिथे पाच वर्षं एका बेकरीत काम केलं. कायम राहण्याचं कार्ड तिच्या पाकिटात असायचं, नुकतंच झोपेतून उठल्यासारखा फोटो असलेलं. मग बापाला झटका आला. आई म्हणाली, मी रजा काढते. दिविना म्हणाली, तुझी नोकरी जाईल, मीच जाते, महिना-दोन महिने. बोनिफासियोनं मरायला दोन वर्षं घेतली. डावं अंग लुळं, जीभ जड, नजर मात्र शाबूत. शेवटी शेवटी त्याला ऑक्सिजन लागायचा, आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन जो माणूस यायचा त्याचं नाव नोनितो. सिलिंडर जोडून झाला तरी तो लगेच जायचा नाही. बापाच्या पायाशी बसून त्याला कोंबड्यांच्या झुंजीच्या बातम्या सांगायचा. कुणी जिंकलं की बाप उजवा हात वर करायचा. दिविना दारात उभी राहून बघायची. कार्डाचे काही नियम असतात, एवढे दिवस बाहेर राहायचं नाही, राहायचं तर आधी विचारायचं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असलेली गोष्ट आणि रोज बापाची कूस बदलणं, यांत कूस बदलणं रोज जिंकत गेलं.

बापाला पुरून ती परत निघाली. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर तिला बाजूच्या खोलीत बसवलं. समोरचा अधिकारी आपल्यातलाच होता, मनिलाकडचा असावा, टॅगालोग बोलत होता आणि आवाज अगदी मऊ होता. "ताई, दोन वर्षं म्हणजे फार झालं हो," तो म्हणाला. "तुम्ही तिथलंच घर केलंत. भांडायचं तर न्यायाधीशापुढे जावं लागेल. नाही तर सही करा, कार्ड द्या, आणि पुढे आईला रीतसर अर्ज करू द्या." दारातली काचेची पट्टी धुरकट होती, तिच्यातून पलीकडची माणसं नुसत्या रंगांसारखी दिसत. एक लाल रंग बराच वेळ एकाच जागी उभा होता. आई तिच्यासाठी जाकीट घेऊन आली होती, हे तिला नंतर कळलं. तिनं सही केली. आणि पेन कागदावरून उचललं त्या क्षणी तिच्या छातीतून काहीतरी हलकं निघून गेलं, कारण आता परत जावं लागणार होतं आणि परत गेल्यावर नोनितो असणार होता. तो हलकेपणा एवढाच, पेन उचलण्यापुरता. पण होता. नंतर तिला आईला फोन करू दिला. "सही केलीस?" आईनं विचारलं. "केली."  आई भिंतीपलीकडे, पन्नास पावलांवर उभी होती. मग म्हणाली, "जेवलीस का काही?"

पुढे नोनितोशी लग्न ठरल्याचं तिनं आईला फोनवर सांगितलं. आई हळूच म्हणाली, "थोडं थांबली असतीस तर बरं झालं असतं, दिविना." कारण लग्न न झालेल्या मुलांची रांग वेगळी आणि लग्न झालेल्यांची वेगळी, आणि ही दुसरी आपल्या देशासाठी माणूस वयात येऊन पोक्त होईल एवढी लांब. आईनं तिच्यासाठी म्हणून तिकडचं नागरिकत्व घेतलं. भांडी घासताना ती त्या परीक्षेची उत्तरं पाठ म्हणायची, असं आर्लिन सांगे. शपथ घेतली त्याच आठवड्यात तिनं अर्ज टाकला. दिविना, तिचा नवरा, आणि पुढे होतील ती मुलं. मग दर महिन्याला, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते तिकडे जाहीर व्हायचं आणि आई फोन करायची. "पाच दिवस सरकली गं." "या महिन्यात तीन आठवडे!" एकदा तिनं फोन केला तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मागे गेली, दिविना. दोन वर्षं मागे. तारीख मागे कशी जाते गं?"  दिविना म्हणाली, "जाऊ दे, नानाय, येईल पुढे." आली. हळूहळू आली. अलीकडे तर आणखी दोन-तीन वर्षांत आपण, असं बोलता यायला लागलं होतं.

आणि अर्ज करणारा जिवंत आहे तोवरच अर्ज जिवंत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला तर पक्कं. तिनं खारवलेलं झिंग्याचं वाटण सोडलं, सुकी मासळी सोडली, डॉक्टर सांगेल तेवढंच पाणी प्यायला लागली. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जायची. तिथून आली की फोनवर हसून म्हणायची, "मला काय बाई, मरायची सोय नाही." सगळे हसायचे. दिविनाही हसायची. मग रविवारी चर्चमध्ये गुडघ्यावर बसून ती प्रार्थना करायची, माझ्या आईला आयुष्य दे. म्हणता म्हणता तिला नेमका तो अर्जच दिसायचा. आई वेगळी आणि अर्ज वेगळा करून मागायचं तिनं कितीदा ठरवलं. जमलं नाही. तांदळातून खडे निवडावेत तसे ते निवडता येत नव्हते. दोन्ही एकाच धान्याचे दाणे झाले होते. आता जीपनीतून उतरताना तिला वाटलं, इतकी वर्षं आपण आईच्या तब्येतीची चौकशी करत होतो ती नेमकी कुणाची?

नोनितो घरी आला तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फार सोसलं गं त्यांनी." एवढंच. त्यानं काही विचारलं नाही, आणि त्याच्या न विचारण्यात तिला तो प्रश्न जसाच्या तसा ऐकू आला. नऊ दिवसांची प्रार्थना त्यांनी आपल्याच घरी ठेवली. मृतदेह तिकडे, म्हणून टेबलावर आईचा फोटो, मेणबत्ती, पाण्याचा पेला. तिला व्हिसा मिळणं शक्यच नव्हतं. एकदा कार्ड देऊन आलेल्या आणि रांगेत नाव असलेल्या बाईला पाहुणी म्हणून कोण जाऊ देणार? आर्लिननं फोन उंच धरून सगळा विधी दाखवला. तिकडचं चर्च, अर्ध्या रिकाम्या रांगा, शवपेटीचा चकचकीत कोपरा. मधेच चित्र अडकलं आणि आईचा चेहरा चौकोनी तुकड्यांत थांबून राहिला. दिविना त्या तुकड्यांकडे पाहत राहिली, आणि शेजारच्या बाया मागे बसून नाक ओढत होत्या.

पाचव्या का सहाव्या दिवशी, बाया यायच्या आधी, ती स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी कॉफीचे कप मांडत होती. तिची मुलगी जोव्हेलिन बिस्किटं ताटात लावत होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. "मा," ती म्हणाली, "एक विचारू? लोलाआजी गेली. मग आता रांगेतल्या आपल्या नंबरचं काय?"

दिविनाचा हात उठला आणि पोरीच्या गालावर बसला. आवाज एवढा झाला की बाहेर खुर्च्या मांडणारा नोनितो थांबला. आयुष्यात तिनं या मुलीवर हात उचलला नव्हता. "लाज नाही वाटत? आजी जाऊन आठवडा नाही झाला!" ती म्हणाली, आणि आपण कुणाला बोलतोय हे तिला बोलतानाच कळत होतं. जोव्हेलिन रडली नाही. तिनं गालाला हातही लावला नाही. "सगळे तेच विचारतायत, मा," ती म्हणाली. "बाबासुद्धा. फक्त तुला विचारत नाहीत." आणि ताट उचलून बाहेर गेली. त्या संध्याकाळी प्रार्थना म्हणताना दिविनाचा तळवा जळत राहिला. सगळ्या बायांच्या आवाजात तिनं आपला आवाज मिसळला. मृतात्म्याला चिरशांती दे, असं त्या म्हणत होत्या.

वकिलाकडे तिला नोनितोनं नेलं. चर्चमागच्या गल्लीत बसणारा, दमेकरी, सभ्य माणूस. त्यानं सांगितलं, अर्ज मेला हे खरं, पण दयाबुद्धीनं तो पुन्हा उभा करा अशी विनंती करता येते. मंजूर होईलच असं नाही, बहुधा होत नाही. पण विनंती करायची तर तिकडे राहणारं जवळच्या नात्यातलं कुणीतरी आईच्या जागी जामीन उभं राहायला हवं. "आहे कुणी?" त्यानं विचारलं. "बहीण आहे," दिविना म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातली उसळी ऐकून ती ओशाळली. "मग बघा," वकील म्हणाला. "तिच्याशिवाय काही नाही." परतताना नोनितो आठवड्यात पहिल्यांदा शीळ वाजवत होता. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला.

आर्लिन चाळिसाव्या दिवसासाठी आईच्या अस्थी घेऊन आली. दिविनानं तिला किती वर्षांनी समोर पाहिलं! फोनवर दिसायचा तो चेहरा उजेडातला होता. ही बाई केसांच्या मुळाशी पांढरी झालेली, बोटांची पेरं साबणानं फुटलेली. आर्लिन वृद्धाश्रमात काम करायची आणि घरी येऊन आईचं करायची. त्यांनी आईला बापाशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघी मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. फणस-डुकराच्या रश्शात घालायला ताजे दाणे हवे होते, आर्लिनला तेच खायचं होतं. दिविनानं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी बाजूला पडली आणि ती एकदम म्हणाली, "तू जामीन राहशील ना?"

आर्लिन सोलत राहिली. "नोनितो भावजींनी सांगितलं मला. येताना गाडीत."

"मग?"

"मानांग, वय काय गं तुझं आता?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणून विचारते. तिथे येऊन करशील काय? मी करते तेच. म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं."

"करीन. बाबांचं केलंच की."

"करशील गं. तू करशीलच. माझ्याहून चांगलं करशील." आर्लिननं मूठभर दाणे टोपल्यात टाकले. "पण मी तिथे नसेन. मी परत येतेय. कायमची. घर सोडायची नोटीस देऊन आलेय. जामीनदार तिकडे राहणारा लागतो, मी विचारलं तिथल्या वकिलाला. इथे बसून होत नाही."

पलीकडच्या अंगणात कुणीतरी कोंबडीला हाकलत होतं. दिविनाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "दोन वर्षं थांब," ती म्हणाली. "फक्त दोन. माझ्यासाठी. जोव्हेलिनसाठी."

"किती थांबले मी, मानांग?" आर्लिनचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तो फार्मसीतला माणूस आठवतो, मी सांगितलं होतं तुला? त्याला मी थांब म्हटलं. नानाय म्हणायची, दिविना येऊ दे, मग तू सुटलीस. दर महिन्याला ती तुला तारीख सांगायची ना फोनवर, ती आधी मी बघायचे. तुझ्याआधी मी. तू आलीस की मी मोकळी होणार होते. तू वीस वर्षं आमच्याकडे यायची वाट बघत होतीस आणि मी वीस वर्षं तुझी. आता नानायच गेली. पाच आठवडे एकटी राहिले त्या घरात. हीटर लावला की तिच्या तेलाचा वास येतो. मला नाही होत आता."

दिविनाला काहीतरी बोलायचं होतं. तू आईजवळ होतीस, असं काहीतरी. शेवटचा चमचा तू पाजलास. मला तुकड्या-तुकड्यांचा चेहरा मिळाला. पण आर्लिनच्या फुटलेल्या बोटांकडे बघून ते वाक्य ओठांवर येईना. आणि त्या वाक्याखाली दुसरं एक होतं, जास्त खरं, की तिला आत्ता या बहिणीचा संताप येत होता तो आईवरून नव्हता. ती शेंग उचलून सोलायला लागली. आत दाणा नव्हता.

तिनं घरात सांगितलं ते जेवायला बसल्यावर. आर्लिन थकून लवकर झोपली होती. "नाही होणार," दिविना म्हणाली. "आर्लिन कायमची इकडे परत येतेय. अर्ज संपला. विनंती वगैरे काही नाही." नोनितोनं भाताचा घास परत ताटात ठेवला. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिथे निराशा दिसेल, तिला धरून रडता येईल, म्हणून पाहत होती. निराशा होती, थोडी. पण ती ओसरून मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं. तेवढ्यात जोव्हेलिन म्हणाली, "मग मा, मी नर्सिंग सोडलं तर चालेल?"

"काय?"

"मला नाही आवडत ते. कधीच नाही आवडलं. रक्त बघून मला गरगरतं. तिकडे नर्सला मागणी म्हणून घेतलं ना आपण? मला हिशेबाचं शिकायचंय. इथेच." पोरीचा चेहरा उजळला होता. थप्पड खाताना जो चेहरा दगडासारखा होता तो हाच, आणि आता त्यात आत कुणीतरी दिवा लावला होता. नोनितो खाली बघत म्हणाला, "मीही कधी बोललो नाही, दिव. म्हटलं तुला वाईट वाटेल. सिलिंडरच्या दुकानाचे मालक म्हणतात, दुकान भागीत घे. मी म्हणत आलो, आम्ही जाणार, कशाला? आणि ही जमीन बघ. नुसता कोबा. फरशी घालून घेऊ? आर्लिन येतेच आहे राहायला. खर्चाला तीही हातभार लावेल." तो बोलत होता आणि त्याच्या आवाजात हळूहळू ती जुनी शीळ परत येत होती. दिविनानं दोघांकडे पाहिलं. हे माझ्याबरोबर रांगेत उभे होते असं मी धरून चालले होते, तिला वाटलं. हे तर केव्हाच बाहेर पडून सावलीत बसले होते, माझ्यासाठी ताटकळत. "घाल," ती म्हणाली.

शाळेच्या कॅन्टीनमधलं तिचं काम दुपारी संपायचं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा दारात सिमेंटची रिकामी पोती पडली होती आणि आत पिवळट फरशी अर्ध्या खोलीभर ओलसर चमकत होती. गवंडी उकिडवा बसून सांधे भरत होता. पलीकडे मागच्या दारात आर्लिन आणि जोव्हेलिन कशावरून तरी खळखळून हसत होत्या, आणि त्यांच्यामध्ये नोनितो, गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेला, लहान मुलासारखा. "ए, तिथेच थांब!" तो ओरडला. "ओली आहे. पाय ठेवू नको. मागून वळसा घालून ये!" मागच्या गल्लीत पाणी साचलं होतं. तिनं हात हलवून सांगितलं, असू दे, थांबते मी इथेच. "किती वेळ?" तिनं गवंड्याला विचारलं. "आज नाहीच, ताई," तो मान वर न करता म्हणाला. "उद्या सकाळी."

ती चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आतल्यांचं हसणं येत होतं. आता मागण्यासारखं काही राहिलं नव्हतं आणि सरकायची राहिलेली एकही तारीख नव्हती. आई आता नुसती आई होती, तिला कुठलाही कागद चिकटलेला नव्हता. आता तिच्यासाठी रडायला कसलीच आडकाठी नव्हती. दिविनानं डोळे मिटले आणि आईचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. पेटीतला, फोटोतला, कुठलाही. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. रडू आलं नाही.